दोन हात उतार

मैदानाला उतार आहे.
शरणपूरकडच्या गोलापासून नदीकडच्या गोलापर्यंत
दोन हात.
डोळ्याला दिसत नाही, चेंडूला दिसतो.
मला हे डम्पी लेव्हलनं सांगितलं, मंगळवारी.
शांतवन तिरभुवनला त्याच्या बापानं
चुन्याची घमेली सोपवताना सांगितलं होतं.

ठराव झालाय:
चार हजारांच्या जागी अकरा हजार बसतील,
दिव्यांचे चार खांब उभे राहतील,
आणि मूळ स्वरूपास बाधा येणार नाही.
त्या शेवटच्या ओळीसाठी
मुग्धा पिंगळे नावाची आर्किटेक्ट आली आहे.
रोज टोपी विसरते,
आणि तापलेल्या प्रत्येक पायरीला हात लावून बघते.

काळ्या दगडाच्या बावीस पायऱ्या
उतरवायच्या, मागे न्यायच्या, पुन्हा तशाच रचायच्या.
म्हणून पोरं रंगाचा डबा घेऊन
एकेका दगडावर नंबर घालताहेत,
लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात तसं.
दोनशे सतराव्या दगडावर आधीच
खिळ्यानं कोरलेलं निघालं: नजीब, हाफबॅक.
साल नाही. खाली नुसता एक बूट
आणि बुटाची सुटलेली नाडी.
इथं नंबर कुठं घालू, पोरगं विचारतं.
कडेला घाल, मुग्धा म्हणते. नाडीला लागू देऊ नकोस.

जतन करायच्या गोष्टींची यादी केली.
पायऱ्या. कमान.
तिकिटाची खिडकी, जिच्यातून
माणूस फक्त मनगटापर्यंत दिसतो.
पश्चिमेच्या भिंतीतलं भोक,
जिथून हुसेनाबी चहाचे पेले आत सरकवते
आणि मॅच न बघता, नुसत्या आवाजावरून
स्कोअर सांगते.
ठेकेदारानं भोकापुढे लिहिलं: पडझड.
मुग्धानं खोडून लिहिलं: झरोका.

कडुलिंबाचं मात्र जमलं नाही.
दिव्याचा तिसरा खांब नेमका तिथंच येतो,
नकाशा तीनदा फिरवून पाहिला मी.
त्याच्या फांदीवरून फुकट पाहिली होती पहिली फायनल,
देवळाली कॅम्प विरुद्ध जुनं नाशिक,
आणि गोल झाला तेव्हा टाळ्या वाजवायला
दोन्ही हात सोडले होते.
डावं कोपर अजून सरळ होत नाही.

उतार यादीत नव्हता.
कागद चाळताना ठेकेदाराला सापडला तो,
म्हणाला, मुरूम टाकून एका आठवड्यात लेव्हल करतो.
रेघ ओढता ओढता शांतवन थांबला.
साहेब, टॉस जिंकला की आपली पोरं काय मागतात?
पहिल्या हाफला चढ.
दम आहे तोवर चढ खेळायचा,
मग दमल्यावर मैदानच पळवतं.
बाहेरच्या टीमला हे कळेपर्यंत
दोन गोल चढलेले असतात.
एवढं बोलून तो पुन्हा वाकला.
त्याची रेघ त्या दिवशी थोडी जाड आली.

मी ओव्हरसियर. सपाट करणं हेच माझं काम.
तीस वर्षांत रस्ते केले, शाळांची पटांगणं केली,
साधुग्रामची जमीन दोनदा.
कधी कुठल्या खड्ड्याला नाव विचारलं नाही.
रात्री बायकोनं दिवा मालवला तरी
मी स्वयंपाकघरात जाऊन रीडिंग पुन्हा मांडली,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार आवश्यक,
आहे तसा ठेवावा.
खोटं नाही ते. पुरतं खरंही नाही.
सही करताना कोपर दुखलं.

आज चारी बाजूंनी पत्रे लागले.
शांतवननं जाळ्या सोडवून खांद्यावर टाकल्या,
चेंडू एक मध्यावरच राहिला.
नंबर घालणारं पोरगं जाता जाता
त्याला पायानं नुसतं शिवलं.
चेंडू जरा घुटमळला,
मग निघाला नदीकडे, सावकाश,
मोकळ्या खांबांमधून पार.

झरोक्यातून हुसेनाबीनं विचारलं,
काय झालं रे, आज आवाज नाही?